डॉर्कस व्हिटल कुठं राहते?

टकांच्या घरात पाऊल टाकलं आणि पाद्री ओस्मंड पेटरिक उंबऱ्यातच थबकला. चुलीजवळ, बुटक्या खुर्चीत, तीच म्हातारी बसली होती. मांडीवर टोपलं, टोपल्यात बटाटे, हातात सुरी. परवा हीच बाई पार्ट्रिजांच्या चुलीजवळ होती. त्याआधी स्मॉलबोनांच्या. खुर्चीसुद्धा तीच, डाव्या पायाला दोरी गुंडाळलेली. गावात एकच सुतार असेल आणि त्याला एकाच प्रकारची मोडकी खुर्ची करता येत असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

"या, या पाद्रीसाहेब," मर्सी टक कमरेच्या फडक्याला हात पुसत म्हणाली. बिचारी धापा टाकत होती, कारण पाद्रीनं समोरचं दार ठोठावलं होतं. क्रॅनलोत समोरची दारं उघडत नसत. पावसानं फुगून ती चौकटीत घट्ट बसलेली, आणि आतून त्यांना टेकून पिठाचं पिंप, नाहीतर पाळणा. सगळं गाव मागच्या दारानं, डुकराच्या खोपटाला वळसा घालून आत-बाहेर करायचं. समोरून फक्त नवरी यायची आणि शवपेटी जायची. त्यामुळं ह्यानं दारावर टकटक केली, की निम्म्या आळीला वाटायचं कुणीतरी गेलं.

"ह्या कोण?" पाद्रीनं विचारलं.

"ही होय? आमच्या जेथ्रोची आत्या. सहज आली चहाला."

"पार्ट्रिजबाई तर म्हणाल्या, त्यांची मावशी."

"असेल की तिचीही. गाव एवढंसं, साहेब. इथं कोण कुणाचं काही लागत नाही?"

"आणि स्मॉलबोनांकडे..."

"स्मॉलबोनाची मी सासू," म्हातारीनं बटाट्यावरची नजर न उचलता सांगितलं. "पहिल्या बायकोची आई."

"पण हॅनाबाई त्याची पहिलीच बायको आहे ना?"

"मग पुढच्या बायकोची आई असेन. हॅना काही फार धडधाकट नाही."

मर्सीला हसू आलं, ते तिनं खोकल्यात घातलं. पाद्री मात्र उभ्या उभ्या नाती जुळवत राहिला. तो विद्यापीठात शिकलेला. आपण प्रश्न विचारला की समोरून उत्तर येतं, अशी त्याची सवय. क्रॅनलोत प्रश्न विचारला की चहा यायचा. तोही जळक्या पावाच्या सालींचा, कारण खरी चहापत्ती कुणाला परवडत होती? तो त्यानं निमूट प्याला, तब्येतीची चौकशी केली, प्रार्थना म्हटली आणि पुन्हा समोरच्याच दारानं बाहेर पडला. त्याच्यामागं ते दार बंद करायला मर्सी आणि म्हातारी दोघींनी खांदा लावला.

गावाचा नियम त्याला कुणी सांगितला नव्हता. गावात तो कुणी कुणाला सांगत नसे, जसं चिखलात पाय रुततो हे कुणी सांगत नाही. क्रॅनलोतलं घर अन् घर जमीनदाराचं होतं. घरात राहायचं नवऱ्यानं, बायकोनं आणि त्यांच्या पोरांनी. लग्न झालेला मुलगा नाही, विधवा बहीण नाही, भाडेकरू नाही. जास्तीचं माणूस रात्रीला झोपलेलं सापडलं, तर कारभारी स्ट्रूड शनिवारी मजुरी हातावर ठेवताना आवाज न चढवता म्हणायचा, "घर खाली कर." कारण असं, की गावात गरीब वाढले तर त्यांना पोसायचा कर जमीनदाराच्या जमिनीवर बसणार. तेव्हा गरीब कमी करायचे. गरिबी नव्हे, गरीब! घर रिकामं झालं की पाडायचं, आणि त्याचे दगड मेंढवाड्याच्या भिंतीला लावायचे. आणि हेच जमीनदार रविवारी चर्चच्या पहिल्या बाकावर बसून, निराश्रितांना आश्रय दे म्हणून देवाला खड्या आवाजात सांगायचे. स्वतःच्या हातातलं काम देवावर ढकलायला जिगर लागते, ती त्यांच्यात होती.

ती म्हातारी, डॉर्कस व्हिटल, ह्या नियमात कुठंच बसत नव्हती. पोरवयात ती मजूर-जत्रेत उभी राहिली होती. तिथं एका शेतकऱ्यानं तिचे दंड चाचपून पाहिले आणि वर्षाच्या बोलीवर तिला क्रॅनलोला आणलं. तिथल्याच मेंढपाळाशी, अबेल व्हिटलशी, तिनं लग्न केलं. मुलं झाली आणि गेली. एक वाचला तो जहाजावर चढला, त्यानं पुन्हा तोंड दाखवलं नाही. स्वतःची अशी गेली, तरी दुसऱ्यांची तिनं जगात आणली. गावातलं जवळजवळ प्रत्येक माणूस डॉर्कसच्या हातात पहिल्यांदा रडलेलं, आणि म्हातारे-कोतारे गेले की त्यांना न्हाऊ घालून, डोळ्यांवर नाणी ठेवून शेवटचं आवरायचीही तीच. मग एका वर्षी मेंढ्या व्यायच्या दिवसांत अबेल कुडकुडत घरी आला आणि आठवड्याभरात संपला. घर मेंढपाळाचं. मेंढपाळ नाही, तर घर नाही. पुढच्या हंगामाची कोकरं आली, तेव्हा डॉर्कसच्या चुलीचे दगड मेंढवाड्याला लागले होते.

पुढं उरला तो बाजारगावचा गरीबखाना. डॉर्कस तिकडं गेली नाही. ती मर्सीकडं एक आठवडा थांबली. मग लेटिस पार्ट्रिज म्हणाली, आता आमच्याकडं. मग हॅना. कुणी बैठक घेतली नाही, कुणी ठरवलं नाही. अंधार पडायच्या आत, दोरीच्या पायाची खुर्ची डोक्यावर घेऊन, मागच्या दारांतून ती ह्या घरची त्या घरी जायची. कारभारी अचानक टपकलाच तर ती 'सहज चहाला' आलेली असायची. दिवसा पाहुणी बसली तर नियम मोडत नाही. रात्री मोडतो.

पाद्री ओस्मंड ह्यातलं काहीच जाणत नव्हता. त्याला दिसत होतं ते एवढंच: सहा पोरांच्या टकांच्या घरात एक म्हातारी रोज खाते, आणि ती घरची नाही. एका भल्या पहाटे टकांचं धाकटं पोर तापानं फणफणलं म्हणून तो प्रार्थनेला गेला, तर ही बाई मोकळ्या केसांनी, अनवाणी, चुलीवर लापशी ढवळत होती. एवढ्या पहाटे चहाला कोण येतं? मग त्याच्या डोक्यात आलं, की ही म्हातारी लोचट आहे. दुसऱ्याच्या ताटावर जगते, आणि गरीब भिडस्त माणसं तिला नाही म्हणू शकत नाहीत. ह्या विचारानं त्याला वाईट वाटलं. मग त्या वाईट वाटण्याबद्दल बरं वाटलं. आपण गरिबांच्या बाजूनं उभं राहायला हवं, असं त्यानं ठरवलं.

आणि ह्या भल्या माणसानं हात दाखवून अवलक्षण केलं.

रविवारी तो व्यासपीठावर चढला आणि दारोदार फिरण्याच्या सवयीवर बोलला. नाव घेतलं नाही. सभ्य माणूस, नाव कसं घेईल? एवढंच म्हणाला, की काही जण आज ह्या चुलीपाशी तर उद्या त्या चुलीपाशी बसतात. पहाटेची लापशीही शेजाऱ्याच्या पातेल्यातली खातात. ज्याचा भार त्यानंच उचलावा. बोलता बोलता त्याला जाणवलं, की चर्चमध्ये कधी नव्हे इतकी शांतता आहे. पोरंसुद्धा चुळबुळत नव्हती. मर्सी टकचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं होतं. तिचा नवरा जेथ्रो टोपी पिळत होता. डॉर्कस शेवटच्या बाकावर ताठ बसून त्याच्याकडं पाहत होती, आणि पुढच्या बाकावरच्या कारभारी स्ट्रूडनं हळूच मान वळवून त्याच शेवटच्या बाकाकडं पाहिलं. आपलं प्रवचन एवढं भिडलं, म्हणून पाद्रीला भरून आलं.

बाहेर पडताना स्ट्रूडनं त्याचा हात हातात घेतला. "सुरेख बोललात, पाद्रीमहाशय. अगदी आमच्या मनातलं. बाई कोण म्हणायची ही?"

"नाही, मी कुणा एकीबद्दल..."

"अहो, आपल्या आपल्यात. डॉर्कस व्हिटल ना? तरी मला वाटलंच. लापशी कुणाच्या पातेल्यातली?"

पाद्री गडबडला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि न बोलायचीही. "टकांच्या," तो म्हणाला. "पण तसा काही गंभीर प्रकार नाही हो. पोर आजारी होतं, तिनं मदत केली असेल."

"पहाटे."

"हो, पहाटे. केस मोकळे सोडून." हे आपण का सांगितलं, ते त्याला कळेना.

"वा," स्ट्रूड म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पाद्री आळीतून निघाला, तर एकाही बाईनं मान वर केली नाही. स्मॉलबोनांचं दार ठोठावलं, आतून भांड्यांचा आवाज येत होता, दार उघडलं नाही. जेथ्रो गाडी घेऊन समोरून आला. "नमस्कार, जेथ्रो," ह्यानं म्हटलं. जेथ्रोनं घोड्याला सांगितलं, "चल रे बाबा, आपल्याला काही ऐकू आलं नाही." आपल्या हातून काय घडलं? प्रवचन लांबलं का? पाद्री घरी येऊन प्रवचनाची एकेक ओळ आठवत बसला. सगळी वाक्यं त्याला निर्दोष वाटली.

दुपारी त्याच्या स्वयंपाकघराचं मागचं दार धाडकन उघडलं आणि मर्सी टक आत आली. पाय पुसले नाहीत, नमस्कार नाही.

"झालं समाधान?"

"कसलं, मर्सीबाई?"

"कसलं विचारताय! स्ट्रूड सकाळी घरी येऊन गेला. गुरुवारी गरीबखान्याची गाडी येणार आहे, मावशीला न्यायला. आणि ती गेली नाही, तर शनिवारी आमचं घर खाली. सहा पोरं घेऊन मी जाऊ कुठं? तुमच्या व्यासपीठावर?"

"पण का?"

"का? पहाटेची लापशी! कुणी सांगितलं त्याला?"

मग तिनं त्याला नियम सांगितला. उभ्यानंच, बोट नाचवत, मध्येच रडत, मध्येच शिव्या हासडत. पाद्री ऐकत गेला, तसतसा खुर्चीत खचत गेला. एवढा मोठा नियम सगळ्या गावाला माहीत होता. आणि तो महिनोन्महिने घरोघर जाऊन सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करत होता!

"मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.

"तुम्हांला कोण सांगणार? तुम्ही समोरच्या दारानं येणारे. कारभाऱ्याबरोबर जेवणारे."

"मी एकदाच जेवलो."

"चव कशी होती?" मर्सी म्हणाली आणि दार न लावता निघून गेली.

पाद्री तडक स्ट्रूडकडं गेला. वाटेत त्यानं जोरकस मुद्दे जुळवले होते. स्ट्रूडनं त्याला बसवलं, केक पुढं केला आणि एवढ्या सौजन्यानं ऐकून घेतलं, की मुद्दे आपोआप मऊ पडत गेले.

"तुमचं मन मोठं आहे," स्ट्रूड म्हणाला. "पण मला सांगा, तुम्हीच म्हणालात ना, ज्याचा भार त्यानं उचलावा?"

"म्हणालो. पण माझा अर्थ तसा नव्हता."

"मग कसा होता?"

पाद्रीला आठवेना. "टक कुटुंबाची काहीच चूक नाही," तो म्हणाला.

"म्हणून तर मी त्यांना गुरुवारपर्यंत सवड दिली. गरीबखान्यात काय वाईट आहे? छप्पर आहे, दोन वेळचं आहे, डॉक्टर आहे. इथं म्हातारी घरातलं नववं माणूस म्हणून जमिनीवर झोपते. तुम्हीच पाहिलंत."

हेही खरं होतं. पाद्री निघाला तेव्हा तो गरीबखान्याच्या बाजूचा होता की विरुद्ध, हे त्याला सांगता आलं नसतं. हातात केकचा तुकडा तसाच होता. तो त्यानं वाटेत एका कोंबडीला घातला.

तेव्हा त्यानं ठरवलं, की ज्या बाईबद्दल सगळे बोलतायत, तिलाच विचारावं. त्यानं टकांच्या घराला वळसा घातला, डुकराच्या खोपटाजवळ चिखलात पाय घालून मागच्या दाराशी पोचला. डॉर्कस दारात बसली होती. मांडीवर टकांचं धाकटं, पायाशी स्मॉलबोनांचं रांगतं, खुर्चीला धरून उभं पार्ट्रिजांचं.

"आज ह्या बाजूनं?" ती म्हणाली. "तुमचे बूट गेले."

"डॉर्कसबाई, माझी चूक झाली."

"झाली खरी. बसा. तिथं नको, तिथं ह्यानं आत्ताच केलंय."

पाद्री पालथ्या बादलीवर बसला. "गरीबखान्यात जाण्यात तुम्हांला... म्हणजे, ते इतकं वाईट असतं का?"

"आमची शेजारीण जोन तिथं गेली. वारली तेव्हा शेवटचं आवरायला मी गेले होते. स्वच्छ आहे. केस कापलेले, अंगावर सरकारी पट्ट्यांचा झगा. नवरा भिंतीपलीकडच्या पुरुषांच्या बाजूला. त्याला ती गेल्याचं जेवणाच्या वेळी सांगितलं. मी म्हटलं, त्याला एकदा पाहू द्या. म्हणाले, वार नाही. पाहायचा वार ठरलेला असतो." तिनं मांडीवरच्या पोराचं नाक पुसलं. "मी तिथं जाऊन करू काय, सांगा. तिथं पोरं वेगळ्या खोलीत. रडली तर रडतात."

"पण इथं तुम्ही ह्यांच्या तोंडचा घास..."

"साहेब," ती म्हणाली, "ह्या तिघांच्या आया आत्ता कुठं आहेत?"

पाद्रीनं इकडंतिकडं पाहिलं.

"सलगमाच्या शेतात. खुरपतायत. मी नसले तर त्यांनी ह्यांना पाठीला बांधून न्यायचं, नाहीतर अफूचं पाणी पाजून निजवून ठेवायचं. पलीकडच्या गावात करतात तसं. मग कधी कधी ती उठत नाहीत."

पाद्रीनं तिन्ही पोरांकडं पाहिलं. त्याला वाटलं होतं की म्हातारी गावावर जगते. आता तर दिसत होतं की गावातल्या आयांची मजुरी म्हातारीवर चालते. पण मग ती गरीब की गाव गरीब? उपकार कोण कुणावर करत होतं? तेवढ्यात रांगत्या पोरानं त्याच्या बुटाची दोरी तोंडात घातली. विचार तिथंच तुटला.

"तुम्ही माझ्या घरी राहा," तो एकदम म्हणाला. "ते घर जमीनदाराचं नाही, चर्चचं आहे. स्ट्रूडला तिथं काही बोलता येणार नाही."

डॉर्कसनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "थोरले पाद्री?"

थोरले पाद्री, म्हणजे ज्यांच्या नावावर हे चर्च होतं ते, समुद्रकाठी हवापालटाला राहत. वर्षातून एकदा यायचे. त्यांच्या जागी तुटपुंज्या पगारावर हा ओस्मंड. "त्यांना मी सांगेन," तो म्हणाला. पण कसं सांगायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

शेतावरून बाया परतल्या. पाद्रीनं आपला बेत सांगितला. आता आनंदीआनंद होईल, मर्सी निदान माफ तरी करेल, असं त्याला वाटलं. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या.

"म्हणजे मावशी कायमची तुमच्याकडं?" लेटिस पार्ट्रिज म्हणाली. "आणि माझा आठवडा? उद्यापासून माझा आठवडा आहे."

"तुझा कसला? मागल्या खेपेला तू दोन दिवस जास्तीची ठेवून घेतलीस," हॅना उसळली. "माझं बाळंतपण तोंडावर आलंय."

"तुझं कधी तोंडावर नसतं ते सांग!"

"बायांनो, गाडी गुरुवारी येतेय!" मर्सी ओरडली. "माझ्या घराचं पडलंय, ह्यांना आठवड्यांचं!"

"तुला काय, तुझ्याकडं जास्तच राहिली ती. पहाटेची लापशीसुद्धा तिच्या हातची खाल्लीस तू!" लेटिसनं सुनावलं.

मर्सीनं हातातलं खुरपं आपटलं. पाद्री मध्ये पडायला गेला, तर तिघींनी एका सुरात सांगितलं, "तुम्ही बोलू नका!" तो बोलायचा थांबला. ज्या बाईला घरात ठेवलं म्हणून घर जाणार, तिच्यासाठी ह्या भांडत होत्या. हे त्याला कुठल्याच वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी डॉर्कसच उठली. "कलकल पुरे. पोरं दिवसा तिकडं आणा, पाद्रीकडं. घर मोठं आहे, एकटाच तर आहे. हॅना, तुझी वेळ भरली की निरोप धाड, मी येईन. बाळंतिणीपाशी रात्रभर बसलेल्या सुईणीला भाडेकरू म्हणायची छाती स्ट्रूडची पण नाही, त्यालाही मीच बाहेर काढलाय. पायाळू होता मेला, तेव्हापासून उलटाच चालतो."

"पोरं... माझ्याकडं?" पाद्री म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

गुरुवारी गरीबखान्याची गाडी आली. टकांच्या दारात थांबली, तिथं म्हातारी नव्हती. स्ट्रूडनं घर वरपासून खालपर्यंत पाहिलं, गादीखाली काठी घालून पाहिली, आणि मग गाडी पाद्रीच्या अंगणात वळवली. गावातल्या बाया कुंपणापलीकडं कपडे वाळत घालत होत्या. सगळ्यांचे कपडे त्या दिवशी त्याच कुंपणावर वाळणार होते.

पाद्री बाहेर आला, तेव्हा त्याच्या काळ्या कोटाच्या खांद्यावर लापशी वाळलेली होती. आतून निदान चार पोरांचा आवाज येत होता.

"पाद्रीमहाशय, डॉर्कस व्हिटल इथं आहे म्हणे?"

"आहे."

"चहाला?"

इथं पाद्रीची अडचण झाली. काल रात्री डॉर्कस त्याच्या घरी झोपलीच नव्हती. ती हॅनाकडं गेली होती, कळा आल्या म्हणून, आणि कळा खोट्या निघाल्या तरी ती तिथंच निजली. पहाटे खुर्ची घेऊन इकडं आली. मग ती इथं राहते म्हणायचं, की राहत नाही? 'आहे' आणि 'राहते' ह्यांच्यात त्याला आयुष्यात कधी इतकं अंतर दिसलं नव्हतं. त्यानं स्ट्रूडकडं पाहिलं, गाडीवानाकडं पाहिलं, कुंपणाकडं पाहिलं. कपडे वाळत घालणारे हात जागच्या जागी थांबले होते.

"त्या इथं राहतात," तो म्हणाला. "माझ्याकडं. चर्चच्या छपराखाली."

"केव्हापासून?"

"तुम्ही विचारलंत तेव्हापासून."

हे आपण काय बोललो, ते त्याचं त्यालाच नीट कळलं नाही. स्ट्रूडलाही कळलं नाही. त्यानं टोपी सारखी केली. मग म्हणाला, "थोरल्या पाद्रींना पत्र जाईल, हे तुमच्या ध्यानात आहे ना? आणि जमीनदारसाहेब तुम्हांला पुढच्या रिकाम्या चर्चला नेमायच्या विचारात होते."

"होते का?" पाद्रीनं खरंच आश्चर्यानं विचारलं. त्याला हेही कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी रिकामी परत गेली. कुंपणापलीकडून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मर्सीनं फक्त ओला कपडा झटकला, तो जरा जास्त जोरात. शनिवारी जेथ्रोच्या हातावर मजुरी पडली आणि स्ट्रूड त्याला काहीच बोलला नाही.

पण त्या गुरुवारी संध्याकाळी, आया पोरं घेऊन गेल्यावर, डॉर्कसनं शाल गुंडाळली, खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि मागच्या दाराकडं निघाली.

"कुठं?" पाद्रीनं विचारलं.

"लेटिसकडं. तिचा आठवडा लागला ना. सकाळी येतेच की."

"पण मी त्याला सांगितलं, तुम्ही इथं राहता म्हणून!"

"राहतेच की. दिवसा."

"दिवसा नव्हे! डॉर्कसबाई, राहणं म्हणजे रात्री. तुमचा नियमच तसा आहे ना? आणि तुम्ही तिकडं सापडलात तर लेटिसचं घर जाईल. आणि मी... मी अंगणात उभा राहून खोटं बोललो असं होईल."

डॉर्कस थांबली. डोक्यावरची खुर्ची सावरत तिनं त्याच्याकडं पाहिलं. लापशीचे डाग, विस्कटलेले केस, तोंडावर भीती. लेटिसच्या घराचं तिला कळत होतंच, ते तिनं सांभाळलं असतं, इतकी वर्षं सांभाळलंच होतं. पण ह्या माणसाला हे असलं ओझं घेऊन रविवारी व्यासपीठावर चढता येणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"म्हणजे तुम्ही खोटे पडू नये म्हणून मी इथं निजायचं?"

"हो," पाद्री म्हणाला. मग घाईघाईनं, "नाही, तसं नव्हे, तुमच्यासाठीच... म्हणजे, दोन्ही."

"आठवड्यातून एखादी रात्र तरी सोडाल लेटिसकडं?"

"मला खरंच माहीत नाही," तो म्हणाला.

"तुम्हांला काय माहीत असतं म्हणा," डॉर्कस म्हणाली. तिनं खुर्ची चुलीपाशी ठेवली, शाल सोडून खुंटीला अडकवली, आणि त्यानं रचलेली लाकडं एकेक करून बाहेर काढायला लागली. ती पार चुकीची लावली होती, धूर सगळा खोलीतच येत होता.